पळी पळी तेलाचा हिशोब

२२ डिसेंबर ही रामानुजनची जयंती. २०१२ पासून तो दिवस राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळतात. त्या निमित्तानं आमच्या वस्तीतली आठवीतली एक पोरगी निबंध स्पर्धेत उतरली. विषय होता युरोपाबाहेरच्या गणिताचा इतिहास. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर. रात्रपाळी करून आलो तर ती दारात वही घेऊन बसलेली. म्हणाली, "मामा, आर्यभटाचं लिहिलं, भास्कराचार्याचं लिहिलं. आता आपल्या लोकायनं काय केलं थे सांगा."

मला उत्तर आलं नाही. लाज वाटली. मग लाज वाटली याचीच चीड आली.

गोऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, गणित म्हणजे ग्रीकांचं. हे खोटं आहे. आपण लिहितो ते दशमान अंक इथून बगदादला गेले. नवव्या शतकात अल्‌-ख्वारिज्मीनं त्यांच्यावर लिहिलं. इटलीच्या फिबोनाचीनं १२०२ च्या पुस्तकात ते युरोपला शिकवले. तिकडे अमेरिकेत माया लोकांनी शून्य आपलं आपण शोधलं होतं. तेव्हा अशा स्पर्धा झाल्याच पाहिजेत. पण गोऱ्याची मक्तेदारी मोडली म्हणून आपण नाचायचं, आणि इथं ती कोणाच्या घरात होती ते विचारायचंच नाही?

चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या देवळात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्याचा नातू चांगदेव, यादव राजाचा ज्योतिषी. त्यानं आजोबाचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. आता मठ चालायचा कशावर? लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, त्यात सगळं आहे. बाजारात जो माल उघडेल त्याचा गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल.

घाण्याभोवती बैल फिरत होता, बैलामागं माणूस. त्यांचं तेल मठात जात होतं. पण त्या माणसाच्या पोराला संस्कृत शास्त्राचं दार उघडं होतं का, हे तुम्हाला सांगायला नको. वेशीबाहेरच्याची तर पळीसुद्धा विटाळ!

आता ग्रंथाचं बघा. ११५० ची 'लीलावती'. त्यात व्यस्त त्रैराशिकाचं एक उदाहरण आहे. १६ वर्षांची बाई ३२ निष्कांना विकली जाते, तर २० वर्षांची कितीला? ३२ ला १६ नं गुणा, २० नं भागा. २५ पूर्णांक ३ पंचमांश. उत्तर चोख आहे.

मी हेच त्रैराशिक रोज पाळीत करतो. ८४० वारांची एक लड. अशा ४० लडी एका पौंडात बसल्या तर सूत ४० नंबरचं. नंबर चढला की सूत बारीक. रीत तीच. माझ्या हिशोबात सूत आहे, तिथं बाई आहे. वय चढलं की किंमत उतरली. गणिताला डोळे नसतात हे मान्य, पण उदाहरण घालणाऱ्याला असतात.

काही मित्र म्हणतील, मग फेकून द्या हे गणित. मला हे पटत नाही. मुंबईच्या शाळेत शिक्षकानं बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे उचलायला पोरं धावली, डबे बाटतील म्हणून. बाबासाहेबांनी डब्यांपायी फळा सोडला नाही. पुढं १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून इंग्रज सरकारच्या चलनाचाच हिशोब काढला.

दोन आणि दोन चार हे कोणाच्या बापाचं नाही. पण ते शिकायला फुरसत लागते, आणि एकाची फुरसत म्हणजे दुसऱ्याची मेहनत. मठातल्या दिव्याखाली ज्यानं ग्रंथ वाचला तो मोठाच होता. पण दिव्यात तेल कोणाचं होतं हे न सांगणारा इतिहास अर्धा आहे, आणि अर्ध्या इतिहासावर अभिमान धरणं मला अप्रामाणिकपणा वाटतो. आपला हक्क आजोबा-पणजोबाच्या नावानं नाही, घामाच्या नावानं सांगायचा. म्हणून गणित घ्यायचं, सगळं घ्यायचं, आणि उदाहरणं बदलायची.

पोरीला म्हटलं, भास्कराचार्याचं खोडू नको. त्याच्याखाली घाणा लिही. ती विकलेली बाई लिही. तुझी माय किलोवर कापूस वेचते, काट्यावर किती भरला अन् मजुरी किती हातात आली, हेही गणित लिही.

"मामा, असं लिहिलं तर नंबर येईन का?"

म्हटलं, "नाही आला तर नाही."

तिनं थोडा विचार केला आणि लिहायला बसली. तिचा नंबर आला नाही. वही माझ्याकडे आहे. तुमच्या वस्तीतलं एखादं पोर असाच प्रश्न घेऊन आलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका. पाटणच्या घाण्यापासून सुरुवात करा.