व्यास अधिक पाचची दुप्पट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक छोटा गाळा होता. तिथे ड्रॉइंग बघायला एक मॅडम होती, डिप्लोमा करून नुकतीच लागलेली. बँडसॉवर रॉड कापायला आयटीआय झालेला एक मुलगा होता. आणि लेथवर एक जुना टर्नर होता, त्याला सगळा गाळा मामा म्हणायचा.

एकदा पिनांची ऑर्डर आली. रॉड तीन मापांचे होते, २०, २५ आणि ३२ मिलिमीटर व्यासाचे. प्रत्येकाची लांबी वेगळी लिहिण्याऐवजी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एकच सूत्र दिलं होतं: लांबी = २(डी + ५). डी म्हणजे व्यास. मॅडम त्या दिवशी गिऱ्हाइकाकडेच बसली होती. इकडे रॉड येऊन पडले होते, मशीन रिकामं होतं. तिने तिथूनच फोन लावला.

"लांबी लिहून घे. व्यास अधिक पाचची दुप्पट."

"व्यास अधिक पाचची दुप्पट," मुलगा म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी ती आली तेव्हा कापलेला माल रचून ठेवला होता. वीसच्या रॉडचे तुकडे ३० मिलिमीटरचे, पंचवीसचे ३५चे, बत्तीसचे ४२चे. हवे होते ५०, ६० आणि ७४. तुकडा लांब राहिला तर पुन्हा कापता येतो. आखूड कापला की त्याला इलाज नाही. दिवसभराचं काम भंगारात गेलं.

मग व्हायचं तेच झालं. ती म्हणाली, "मी बरोबर सांगितलं होतं." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच कापलंय. मी तुमचे शब्द परत म्हणूनही दाखवले होते." आवाज चढले. शेजारच्या गाळ्यातले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले.

मामाने लेथ बंद केलं. खिशातला खडू काढून त्याने दोघांना पत्र्यावर ते वाक्य सोडवायला लावलं, एकमेकांकडे न बघता. मॅडमने लिहिलं: वीस अधिक पाच पंचवीस, त्याची दुप्पट पन्नास. मुलाने लिहिलं: पाचची दुप्पट दहा, वीस अधिक दहा तीस.

दोघांनी एकमेकांचं वाचलं. कुणीच काही बोललं नाही, कारण दुसऱ्याच्या मांडणीत चूक दाखवायला जागाच नव्हती.

"खोटं कुणीच बोलत नाहीये," मामा म्हणाला. "वाक्यच दुतोंडी आहे. मॅडम, तुमच्या कागदावर कंस होता. फोनवरून तो इकडे आलाच नाही. सूत्र बोलून सांगायचं असेल तर आधी काय करायचं आणि मग काय, ते सांगावं लागतं. व्यासात आधी पाच मिळव, जे येईल ते दुप्पट कर, असं. आणि तू रे, शब्द परत म्हटलेस, पण त्याने काय कळलं? आकडा परत द्यायचा. 'वीसला तीस ना?' एवढं विचारलं असतंस तर हा माल वाचला असता."

शाळेत आपण शब्दांवरून समीकरण मांडायला शिकतो. 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी' असं वाचलं की वहीत बरोबर उतरवतो. उलट दिशेने, म्हणजे समीकरण बघून ते दुसऱ्याला चुकणार नाही अशा भाषेत सांगायला, फार कमी वेळा सांगितलं जातं. कामावर मात्र रोज गरज पडते ती त्याचीच.

मामा चाळीसगावकडचा. तिथून जवळच पाटणादेवीच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या काळातला शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. मामाच्या गुरुजींनी वर्गाला तो शिलालेख दाखवला होता आणि इ.स. ११५०च्या सुमाराच्या 'लीलावती'तलं एक गणित घातलं होतं. चहा येईपर्यंत मामाने तेच गणित दोघांना घातलं, तेही उलटीकडून.

"शेवटी हातात दोन उरलेत. त्याआधी दहाने भागलं होतं, म्हणजे किती?"

"वीस."

"त्याआधी आठ मिळवले होते."

"बारा."

"ते बारा वर्गमूळ काढून आलेत. मूळ काढण्याआधी बावन्न वजा केले होते."

मुलाने खडूने १४४ लिहिले, त्यात ५२ मिळवले, १९६ आले. तो आकडा एका संख्येचा वर्ग, म्हणजे संख्या चौदा. हे चौदा तिसरा हिस्सा काढून उरलेले, म्हणजे आधी एकवीस. एकवीस आले ते साताने भागून, म्हणजे त्याआधी १४७. तिथे तो अडला. मामा म्हणाला, "एका संख्येत तिचंच पाऊण मिळवलं तर किती पट होते?"

"पावणेदोनपट," मॅडम म्हणाली. "म्हणजे १४७ ही ८४ची पावणेदोनपट."

"आणि ८४ हे तिप्पट करून आलेत," मुलगा म्हणाला. "मूळ संख्या अठ्ठावीस!"

"बघा," मामा म्हणाला, "श्लोकात कुठे कंस होता? पण एकापुढे एक क्रिया अशी नीट सांगितली आहे की साडेआठशे वर्षांनी, अंबडच्या शेडमध्ये, उलट्या पावलांनी गेलात तरी बरोबर घरी पोचलात. सांगणाऱ्याने एवढी काळजी घ्यावी."

दुसऱ्या दिवशी नवे रॉड आणून पिना ५०, ६० आणि ७४ लांबीच्या कापल्या.

पुढच्या महिन्यात बुशांचं काम आलं. आतलं भोक २० मिलिमीटर, भिंतीची जाडी ५. मॅडम पुन्हा बाहेरगावी होती आणि घाईत होती. फोनवर म्हणाली, "बाहेरचा व्यास म्हणजे आतला व्यास अधिक जाडीची दुप्पट."

मुलाने लिहून घेतलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, थांबा. दुप्पट सगळ्याची की नुसत्या जाडीची?"

ती क्षणभर थांबली. "नुसत्या जाडीची. भिंत भोकाच्या दोन्ही बाजूंना येते ना, म्हणून जाडी दोनदा धरायची. आधी जाडी दुप्पट कर, मग ती भोकाच्या व्यासात मिळव."

"म्हणजे या वेळी वीसला तीसच."

"हो, तीसच."

"मग टर्निंगला दोन मिलिमीटर ठेवून बत्तीसचा रॉड लावतो," तो म्हणाला आणि रॅककडे गेला.