भांडण मिटवता येतं, छळ थांबवावा लागतो

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघड झाली आणि शाळांमध्ये सीसीटीव्ही लावण्याची घाई सुरू झाली. तक्रारपेट्या आणि सखी सावित्री समित्या त्याआधीपासून कागदावर होत्याच. बदलापुरात आरोप मोठ्या माणसावर होता. पण मुलंच मुलांना छळतात तेव्हाही आता तेच उत्तर ऐकू येतं : कॅमेरे बसवलेत. रत्नागिरी जिल्ह्यात हा छळ चालतो कुठे? एसटीच्या मागच्या बाकांवर, थांब्यावर, वाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर आणि रात्री मोबाईलच्या ग्रुपवर. तिथे कॅमेरा पोचत नाही, आणि पोचला तरी त्याला टोमणा ऐकू येत नाही.

आपल्याकडच्या वाडीतल्या शाळेचा पट अनेकदा वीसच्याही आत असतो. तिथे प्रत्येक मुलाला प्रत्येकाच्या घरचं ठाऊक असतं. पुढे तेच मूल मोठ्या हायस्कुलात जातं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या संगमेश्वरी बोलीवर वर्ग हसतो. हापूसच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलीला तर नावानं कुणी हाकच मारत नाही. पडलेलं नाव दहावीपर्यंत सुटत नाही.

यावर सुशिक्षित घरांतूनही एक मत ठामपणे मांडलं जातं : पोरांचं पोरांना मिटवू द्या, त्यातूनच ती कणखर होतात, आम्ही नाही का झालो? हे मत मला सर्वांत घातक वाटतं. एक तर ते सांगायला तेच उरतात जे तगले. ज्यानं रोजच्या हिणवण्याला कंटाळून नववीत शाळा सोडली, तो पालकसभेत उठून काय सांगणार? दुसरं, संकटातून बळ येतं हे खरं. पण कोणत्या संकटातून? खाडी पोहताना दमलेल्या मुलाला कळतं की हात मारले की किनारा जवळ येतो. छळात नेमकं उलटं कळतं. गप्प बसलं तरी मार, बोललं तरी मार, रडलं तर जास्तच. आपल्या करण्यानं काहीच बदलत नाही, एवढंच त्यातून मनात ठसतं. याला कणखरपणा म्हणणाऱ्यांनी त्या मुलाच्या जागी आपलं मूल ठेवून पाहावं. तिसरं, छळणारंही मूलच असतं. दुबळ्याला दाबलं तर काही होत नाही, हा धडा त्याला पाचवीतच मिळाला तर तो तिथेच थांबेल का?

नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं आणि पुढच्याच वर्षी तिथे देशभर शाळांची मोहीम झाली. तिच्यामागचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या बळातली तफावत. मला तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. भांडण बरोबरीच्या दोघांत होतं. ते सोडवताना दोघांचं ऐकावं, दोघांना समजवावं, हात मिळवायला लावावं. आपले शिक्षक हे मायेनं आणि उत्तम करतात. पण हीच रीत छळाला लावली की छळलेल्या मुलाला आपल्या छळणाऱ्याचा हात हातात घ्यावा लागतो, ‘सॉरी’ म्हणावं लागतं, आणि मधल्या सुट्टीनंतर सगळं पहिल्यासारखं सुरू होतं. आता तर शाळेनंही त्याला अर्धा दोषी ठरवलेलं असतं.

आणि बघणाऱ्यांचं काय? कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण तपासून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोबती मध्ये पडले तेव्हा ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबला होता. मध्ये पडणारे मात्र फार थोडे होते. आपल्याकडे मुलं का पडत नाहीत? टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्यांच्या जन्मगावात प्रत्येक मुलाला पाठ असते. तिच्यातून सोबत्याचं नाव सांगू नये, एवढंच ती उचलतात. त्या गोष्टीत कुणाला इजा होत नव्हती. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नाकारणं आणि डोळ्यांदेखत कुणी मार खात असताना तोंड मिटून राहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते मुलांना समजावून सांगणं वर्गशिक्षकाचं काम आहे.

वर्गात कोण कुणाशेजारी बसतं, हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही. १९२०च्या दशकात सावरकरांनी इथल्या शाळांत अस्पृश्य मुलांना सरमिसळ बसवण्यासाठी मोहीम चालवली. त्याआधी लहानपणी बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागत होतं. त्या दोन्ही ठिकाणी जागा ठरवणारी माणसं मोठी होती. आता छळल्या जाणाऱ्याची वर्गातली जागा मुलंच ठरवतात, त्याच्याशेजारी कोण बसणार नाही हेही, आणि समुपदेशकाचं वर्षातून एकदा होणारं व्याख्यान त्या जागेला हात लावत नाही.

म्हणून तक्रार आली की दोघांना समोरासमोर उभं करू नये. आधी छळलेल्याला एकट्यात ऐकावं, मग पाहणाऱ्यांना, आणि शेवटी छळणाऱ्याला. त्या मार्गावरच्या एसटीच्या वाहकालाही विचारावं. त्याला पुष्कळ ठाऊक असतं. आईवडिलांनी ‘तू पण एक ठेवून दे’ असं सांगू नये. तेवढं बळ असतं तर छळ झालाच नसता. आपलं मूल छळणारं निघालं तर शाळेशी भांडायला जाण्याआधी त्याला एवढं विचारावं : त्याच्या जागी तुझ्याच वर्गातला सर्वांत ताकदवान मुलगा असता, तर तू हेच केलं असतंस का?