अंड्याची सुटका, तुपाची नव्हे

अंड्याबद्दलचा विनोद घराघरांत ठरलेला आहे. काल डॉक्टर म्हणाले बलक काढून टाका, आज म्हणतात खा. उद्या आणखी काही सांगतील. हसून झालं की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: त्यापेक्षा आजीचं ऐकावं, तिनं कधी मत बदललं नाही. विनोदाला कुणाची हरकत नसावी. हे पुढचं वाक्य मात्र आता पुरवण्यांत आणि व्याख्यानांत विचार म्हणून मिरवू लागलं आहे, आणि ते खोटं आहे.

उपासाची खिचडीच पाहावी. शेंगदाणे, मिरची, बटाटा ही तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडांतली. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिथलाच, आणि त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे १९४०च्या दशकात उभे राहिले. डालडा या वनस्पती तुपाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९३७मध्ये तो बाजारात आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत दिवाळीचे शंकरपाळे त्यात तळले जाऊ लागले. त्यातले ट्रान्स फॅट ओळखण्याचं साधन परंपरेपाशी नव्हतंच. हे मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं घटवतात, हे मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९०मध्ये मोजून दाखवलं. भारतात तेला-तुपातली त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर यायला २०२२ उजाडलं. आजीचं स्वयंपाकघरही बदलतच होतं; त्या बदलाची नोंद कुणी ठेवत नव्हतं, इतकंच.

आजीचं ऐका म्हणताना विज्ञानावर आणखी एक आरोप होतो. ‘सगळं संशोधन कंपन्यांनी विकत घेतलंय’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की १९६०च्या दशकात साखर उद्योगानं हार्वर्डच्या संशोधकांना दिलेले पैसे उघडकीला आणले तेही संशोधकांनीच.

राहिलं अंडं. तिथे विज्ञानानं खरंच कोलांटउडी मारली का? १९१३मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. पण ससा शाकाहारी. माणसाचं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं आणि अन्नातून जास्त आलं, की बहुतेकांच्या शरीरात ते उत्पादन कमी करतं. अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावर फारसा परिणाम होत नाही, असं अमेरिकी संशोधक अँसेल कीज १९५०च्या दशकातच सांगत होते. तरीही १९६८मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि आठवड्याला तीनच बलक, असा सल्ला दिला. हृदयविकारानं माणसं मरत असताना पुराव्याच्या पुढे जाऊन घेतलेली ती खबरदारी होती, आणि तिचा हेतू समजण्यासारखा आहे.

निष्कर्ष वेगळा आणि सल्ला वेगळा. निष्कर्ष म्हणजे जे मोजलं गेलं ते. सल्ला म्हणजे त्या अपुऱ्या मोजमापावर कुणीतरी, कुणासाठी तरी घेतलेला निर्णय. २०१५च्या अमेरिकी आहारतत्त्वांतून ३०० मिलिग्रॅमचा आकडा गळला तेव्हा बदलला तो सल्ला, आणि तो कीज यांच्या जुन्या निष्कर्षाच्या जवळ आला. काहींच्या रक्तात अंड्यानं कोलेस्टेरॉल जास्त वाढतं हे खरं, मधुमेहींबाबत वादही आहे. पण त्यानं हा भेद पुसला जात नाही.

त्याच तत्त्वांत संपृक्त मेदावरची मर्यादा, दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, कायम राहिली. तुपातला निम्म्याहून अधिक मेद याच जातीचा. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला कुणी अडवलेलं नाही. पण अंड्याचा दाखला देत जेव्हा दुसऱ्या-तिसऱ्यांदा तूप वाढलं जातं, तेव्हा त्या वाढण्याला त्या तत्त्वांत कसलाही आधार नसतो.