स्क्रूज, जक्कय आणि 24 डिसेंबरची रजा

आजचं वचन: लूक 19:1-10



नाताळाच्या दिवसांत जक्कय कशाला, असं वाटेल. पण काल रात्री डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' पुन्हा वाचलं आणि तो उंबराच्या झाडावरचा बुटका माणूस डोक्यातून जाईना.

गोष्ट 1843 ची, लंडनची. एबेनेझर स्क्रूज एक नंबरचा कंजूस. कारकून बॉब क्रॅचिटला आठवड्याला 15 शिलिंग देतो, नाताळाची एका दिवसाची सुट्टीही कुरकुरत. रात्री 7 वर्षांपूर्वी मेलेला भागीदार मार्ली येतो. अंगाभोवती साखळी, तिला लटकलेल्या किल्ल्या, कुलपं, खातेवह्या. मग तीन आत्मे, शेवटी स्वतःची कबर. सकाळी माणूस बदललेला.

माझी जुनी शंका अशी, की कबर बघून घाबरलेल्या माणसाचा पश्चात्ताप खरा कसा मानायचा? प्रॉडक्शन कोसळलं की आम्हीही नीट टेस्टिंग करायच्या शपथा घेतो. दोन आठवडे टिकतात.

या वेळी लक्षात आलं, स्क्रूज पहिल्यांदा हलतो तो कबरीपाशी नाही. पहिला आत्मा त्याला जुन्या शाळेत नेतो. सुट्टीत सगळे घरी गेलेत, एकच मुलगा मागे राहिलाय, तो स्वतः. म्हातारा रडतो. आणि लगेच त्याला आठवतो दारात नाताळाचं गाणं म्हणणारा पोरगा, ज्याला त्याने हाकललं होतं. काहीतरी द्यायला हवं होतं, असं वाटतं. म्हणजे भीती नंतरची, डोळे आधी ओले झाले.

जक्कयाचंही तेच. प्रभूने त्याला हिशोब विचारला नाही. नावाने हाक मारली आणि तुझ्याच घरी उतरणार म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्याची चौपट परतफेड, हे सगळं नंतर. डिकन्सच्या गोष्टीत प्रभूचा उल्लेख जेमतेमच आहे, लूकमध्ये मात्र तो स्वतः दारात येतो. ख्रिस्तजन्म म्हणजे तरी काय? आपण सुधारायच्या आधीच तो मुक्कामाला आला.

आता माझं. गेल्या वर्षी टीममधल्या एका ज्युनियरने 24 ला गावी जायला रजा मागितली. रिलीज होतं. मी नाही म्हटलं, वर 'कमिटमेंट'वर चार शब्द ऐकवले, आणि स्वतः लॅपटॉप मिटून मध्यरात्रीच्या उपासनेला गेलो. कॅरल्स मस्त झाली. साडेअकराला त्याचा 'डन' असा मेसेज आला. मी बाकावर बसूनच अंगठा पाठवला.

स्क्रूजने 25 ला टर्की पाठवली, ते सोपं होतं. मला तो पटतो 26 ला, जेव्हा ऑफिसात बॉबचा पगार वाढवतो. जक्कयाची गोष्टही शेवटी खातेवहीपर्यंत गेलीच की.

या वर्षी 24 ची ऑन-कॉल मी माझ्या नावावर लावली आहे. उपासना हुकेल बहुतेक. पण गेल्या वर्षीचं त्याच्याशी बोलणं अजून बाकी आहे. मेसेज तीनदा टाइप करून खोडला. उद्या स्टँडअप झाल्यावर समोरासमोर बोलतो. प्रार्थनेत आठवण ठेवा.