निरगाठ, सुरगाठ

वूस्टर हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. पहिले सहा महिने मी त्याला स्पेलिंगबरहुकूम वॉर्सेस्टर म्हणायचे आणि बसचा ड्रायव्हर न हसता दुरुस्त करायचा. गाव पाकिटांचं. इथल्याच रसेल हॉज नावाच्या डॉक्टरने १८५३ साली लिफाफ्यांना घड्या घालणारं यंत्र काढलं. पुढे या भागातले बरेच कारखाने एक होऊन १८९८ साली युनायटेड स्टेट्स एन्व्हलप कंपनी झाली. मी आले तोवर तो जमाना सरत आला होता. तरी नगरच्या मुलीला नोकरी लागली ती पाकिटांतलीच. एका विमा ऑफिसच्या टपालखोलीत मी एकोणीस वर्षं काढली.

त्या खोलीतली एक वस्तू माझ्या मनात रुतून बसली आहे. मोठ्या खाकी पाकिटाच्या पाठीवर पत्र्याची एक बारकी पट्टी असते, तिला दोन पाय. पाकिटाच्या झाकणाला भोक, भोकाभोवती जाड कागदाची चकती. पाय भोकातून वर काढायचे आणि डावी-उजवीकडे पसरायचे. झालं पाकीट बंद. उघडायचं तर पाय पुन्हा उभे करायचे. आम्ही सगळे त्याला क्लॅस्प म्हणायचो. त्याच झाकणाच्या आतल्या कडेला डिंकाचाही पट्टा असतो. म्हणजे एकाच पाकिटाला बंद होण्याच्या दोन तऱ्हा. डिंक ओला केला तर फाडल्याशिवाय गत नाही. नुसते पाय पसरले तर हवं तेव्हा उघडा, हवं तेव्हा मिटा.

पहिल्याच आठवड्यात मी एक गठ्ठा नुसत्या क्लॅस्पवर बंद करून टपालाच्या पेटीत टाकला. मुकादमीणबाईंनी तो परत आणून माझ्यासमोर ठेवला आणि प्रत्येक क्लॅस्पवर चिकटपट्टी लावायला लावली. पत्र्याचे पाय यंत्रात अडकतात, शेजारच्या पाकिटाला ओरखडे काढतात. अमेरिकन टपालखात्याचा नियमच आहे की साध्या पत्राच्या आकाराच्या लिफाफ्याला क्लॅस्प, दोरी किंवा बटण असेल, तर तो यंत्राच्या कामाचा नाही, त्याला जादा तिकीट. पुन्हा पुन्हा उघडता यावं म्हणून पत्रा लावायचा आणि तो उघडू नये म्हणून वर पट्टी मारायची. मला हसू आवरेना. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण एके काळी याच उघडण्याला किंमत होती, तीही पैशातली. बंद पत्राला दर जास्त, छापील मजकुराला कमी. मात्र छापील मजकूर तपासता यावा म्हणून त्याचं वेष्टण उघडं हवं. आपल्याकडचं बुक पोस्ट आठवा. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ते दोन शब्द लिहायचे आणि झाकण न चिकटवता आत खोचायचं. माझ्या लग्नाच्या पत्रिका १९८३ साली अशाच गेल्या. आमच्या पोस्टमनने बऱ्याचशा वाचलेल्या असणार, कारण मुहूर्ताची वेळ त्याला पाठ होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १८७८ सालच्या जॅक्सन खटल्यात हा फरक कायद्यातच आणून बसवला. बंद पत्र हे माणसाच्या घरातल्या कागदासारखं, ते वॉरंटशिवाय फोडायचं नाही. तपासणीसाठी उघडं ठेवलेलं वर्तमानपत्र किंवा पुस्तिका, त्यांना हे संरक्षण नाही.

कायद्याचं म्हणणं मला पटतं. फोडलेलं पाकीट ओरडून सांगतं की मला फोडलं. आपला लखोटा हा शब्द घ्या. व्युत्पत्ती काय असेल ती असो, मला त्यात लाखच ऐकू येते. जुन्या मराठी कागदांवर मजकूर जिथे संपतो तिथेच मोर्तबाचा शिक्का उठवत, पुढे कुणी एक ओळ घुसडू नये म्हणून. शिक्कामोर्तब झालं म्हणजे विषय संपला. क्लॅस्प मात्र मुका. कुणी शंभरदा उघडून मिटला तरी तो काही सांगत नाही. तो राखणदार नाहीच. राखायचं ज्याने त्याने, स्वतःशी.

ही राखण काय असते ते मी लहानपणी पाहिलं होतं.

नगरला आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक जैन कुटुंब होतं. त्या घरातल्या काकू जेवण आटोपलं की पदराच्या टोकाला एक गाठ मारायच्या. पुन्हा काही खायचं-प्यायचं झालं तर आधी उभ्या उभ्या ओठांतल्या ओठांत नवकार म्हणायच्या, गाठ सोडायच्या, मग पाण्याचा पेला उचलायच्या. पाणी पिऊन झालं की पुन्हा गाठ. दिवसातून आठ-दहा वेळा. मला वाटायचं, काही विसरू नये म्हणून खूणगाठ बांधत असतील. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "हे पच्चक्खाण आहे गं पोरी. गाठ आहे तोवर तोंडात काही नाही."

"आणि तहान लागली तर?"

"तर सोडायची."

"मग त्याला काय अर्थ?"

त्या हसल्या. "बोलावणं काय वेळ सांगून येतं? आलं तेव्हा आपण गाठीत असावं."

आठ-नऊ वर्षांच्या मुलीला त्यातलं बोलावणं कळलं नाही. पुढे वाचताना समजलं की या व्रताला गंठिसहियं म्हणतात. गाठ असेपर्यंतचं व्रत. तसंच मूठ मिटलेली असेपर्यंतचंही एक आहे. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं काही न घेणं. जैन आचारात गृहस्थासाठी अशा मापातल्या व्रतांची मोठी उतरंड आहे, आणि प्रत्येक व्रतात आगार म्हणजे सवलती आधीच सांगून ठेवलेल्या. विसरून काही खाल्लं, किंवा पावसाचा थेंब अचानक तोंडात पडला, तर व्रत मोडत नाही. मोडण्याच्यासुद्धा पायऱ्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. मनात आलं, पाऊल उचललं, थोडं ढळलं, पुरतं मोडलं. एकोणीस वर्षं क्लॅस्प उघडणाऱ्या बाईला या चार पायऱ्या बोटांना जाणवतात. आधी नख पत्र्याखाली जातं. मग एक पाय उभा राहतो.

मराठीत दोन गाठी आहेत. निरगाठ सुटत नाही, कापावी लागते. सुरगाठ एका ओढीत सुटते. संन्यास निरगाठीचा. तो घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतःच उरकतो, म्हणजे परत यायला घरी कुणी उरतच नाही. गृहस्थाला शास्त्रं सुरगाठीवर चालवून घेतात आणि वर पाठ थोपटतात. माझा खरा प्रश्न इथे सुरू होतो. जे कधीही परत घेता येईल ते सोडलं, तर ते सोडणं खरं का? गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या तोंडाशी अर्जुन संन्यास आणि त्याग यांतला फरक विचारतो. मला वाटतं त्याचाही काटा इथेच कुठेतरी सलत असावा.

हा प्रश्न माझ्याकडे गीतेतून आला नाही, भावाकडून आला. २००६ साली त्याने नगरहून कागद पाठवले. वाडा आणि चार एकर शेत यांतल्या माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र, आणि न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून आणायचं मुखत्यारपत्र. वडील आधीच गेले होते. आमच्याकडे बहिणीने हक्क सोडायचा ही रीत, तिला कुणी त्याग म्हणत नाही, चोळीबांगडी म्हणतात. पण मधल्या काळात कायद्याने उलथापालथ केली होती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मापासून भागीदार, मुलगी नाही, हे महाराष्ट्राने १९९४ साली बदललं. मात्र त्या वर्षी २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझं लग्न अकरा वर्षं आधीचं, मी बाहेर. २००५ साली केंद्राने कायदा बदलला आणि मी आत. भावाच्या वकिलाला घाई कशाची होती ते उघड आहे. भावाला मी दोष देत नाही. शेत त्याने कसलं, आईचं त्याने केलं.

कागद वाचले. त्यात लिहिलं होतं की मी हे राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. या दोन शब्दांशी माझं भांडण झालं. देणार होतेच मी. शेत घेऊन मी वूस्टरमध्ये काय करणार? पण राजी आहे म्हणून सही करायची, की सही केली म्हणून मी राजी? कागद क्लॅस्पच्या पाकिटात घातले, डिंक ओला केला नाही, पाय पसरले, पाकीट खणात ठेवलं.

मनाशी म्हटलं, ही काकूंची गाठ. आता रोज नव्याने सोडायचं. बरीच वर्षं मी स्वतःची अशी समजूत घातली. दर दिवाळीला पाकीट काढायचं, पाय उभे करायचे, कागद वाचायचे, राजी आहे ना हे तपासायचं, पुन्हा मिटायचं. रजिस्टर झालेलं हक्कसोड एकदाच होतं, आपलं दर वर्षी होतं, असा वर अहंकारही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीच्या हक्कासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. बातमी वाचली आणि माझा हात आपोआप खणाकडे गेला. दिवाळीला अजून तीन महिने होते. तेव्हा कळलं की काकूंच्या गाठीत आणि माझ्या क्लॅस्पमध्ये काय अंतर आहे. काकूंची गाठ असेपर्यंत खरोखर तोंडात काही जात नव्हतं. माझं पाकीट बंद असतानाही शेत माझ्या तोंडातच होतं, नुसतं चघळणं चालू होतं. गाठ सोडून पाणी पिणं त्यांच्या व्रताच्या आतलं होतं. त्या सोडायच्या आणि लगेच बांधायच्या, आणि दोन्ही वेळा त्यांना ठाऊक असायचं की आपण नक्की काय करतो आहोत. मी काही बांधलंच नव्हतं.

तरी डिंक लावून मोकळं व्हावं, असं मला आजही वाटत नाही. लखोट्याने प्रश्न मिटतो, तो मिटवणारी मी मात्र तिथेच राहते. सही करून देणाऱ्या किती बायका पुढची तीस वर्षं त्या शेतातल्या आंब्याबद्दल बोलतात, ते मी ऐकलं आहे. कागद निरगाठीचा, मन सुरगाठीचंही नाही. आणि लग्नगाठीचंच बघा. उपरणं आणि शालूची ती गाठ आपण जन्माची म्हणतो, आणि ती सोडून ठेवतोच ना घरी आल्यावर? ती सुटलेली गाठच नवरा-बायको पुढे वागवतात, कुणी बरी, कुणी वाईट. कापडातली गाठ काय धरून ठेवणार?

गेल्या दिवाळीला क्लॅस्पचा डावा पाय तुटला. तुटायचाच होता. पत्रा वाकवला की प्रत्येक वेळी तिथे थोडा कडक होतो, कडक झाला की ठिसूळ होतो, आणि एक दिवस काहीही जोर न लावता हातात येतो. टपालखोलीत आम्ही असली पाकिटं सरळ कचऱ्यात टाकायचो. नव्याला काय तोटा, शंभराचा खोका असायचा. मी हे टाकलं नाही. डिंकाच्या पट्ट्यावर ओलं बोट फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांनी तो नुसता पिवळा डाग उरला होता, चिकटेना.

रात्री भावाचा फोन आला. कांद्याचा भाव, विहिरीचं पाणी, नातीचे दात. गेल्या कित्येक वर्षांत त्याने त्या कागदांचं नावही काढलेलं नाही. मीच म्हटलं, "ते कागद अजून माझ्याकडेच आहेत रे."

"माहितीये, ताई."

"त्याचा पाय तुटला."

"कुणाचा?" तो घाबरलाच.

सगळं समजावून सांगितल्यावर बराच वेळ हसला. म्हणाला, "दोऱ्याने बांध मग. पण सुरगाठ मार, नाहीतर कात्री शोधत बसशील."

स्वयंपाकघरातला दोरा आणला. पाकिटाला आडवा-उभा गुंडाळला. बोटांना सवय राहिली नव्हती, पहिल्यांदा निरगाठच बसली. ती नखांनी सोडवायला मला वीस मिनिटं लागली.