पाण्याखाली कोण पाहतो?



‘सगळेच करतात’ हे दोन शब्द आपण सारेच कधी ना कधी उच्चारतो. पावती न घेता माल घेतला, तर सगळेच घेतात. घराच्या व्यवहारात कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, हेही सगळेच करतात. परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावले, तर सगळेच डोकावतात. हे शब्द तोंडून निघाले की मनावरचे ओझे हलके होते. चूक आपली एकट्याची राहत नाही, ती सगळ्यांत वाटली जाते.

या दोन शब्दांचा विचार आज आम्ही पोहण्याच्या एका शर्यतीच्या निमित्ताने करणार आहोत. पोहण्याची शर्यत कशासाठी, असे कोणी विचारील. तिथे हा प्रश्न अगदी स्वच्छ दिसतो म्हणून. नियम ठरलेला, घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे, आणि चूक मात्र पाण्याखाली, पंचांच्या नजरेआड.

शर्यतीत पोहण्याचे जे चार प्रकार आहेत, त्यांतील ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे पोहणे. दोन्ही हात एकाच वेळी पुढे जातात आणि पाणी बाजूला सारून परत येतात. दोन्ही पाय एकाच वेळी दुमडतात आणि पावले बाहेर वळवून पाण्याला झटका देतात. वळणावर आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. १८७५ साली मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशाने याच पद्धतीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्याला पावणेबावीस तास लागले.

चारही प्रकारांत हा सर्वांत संथ, आणि नियमांनी सर्वांत जास्त बांधलेला. या दोन गोष्टींचा जवळचा संबंध आहे. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्याला अधिक वेगाने जाण्याचे मार्ग नेहमीच मोकळे असतात. ते घ्यायचे नाहीत, एवढेच तर त्याने कबूल केलेले असते. १९३०च्या दशकात काहींनी हात पाण्यावरून पुढे फेकायला सुरुवात केली. त्यातून पुढे ‘बटरफ्लाय’ हा निराळा प्रकार जन्माला आला आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याची स्वतंत्र शर्यत झाली. त्याच ऑलिंपिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा बराचसा भाग पाण्याखालून पोहून सुवर्णपदक जिंकले. पाण्याखाली शरीर अधिक वेगाने सरकते, हे त्याने ओळखले होते. त्यानंतर नियम बदलला आणि असे पोहण्यास बंदी आली.

फुरुकावाने फसवले का? आमच्या मते नाही. त्या वेळच्या नियमाला ते मान्य होते आणि त्याने जे केले ते सर्वांसमक्ष केले. नियमात मोकळी राहिलेली जागा उघडपणे वापरणे ही एक गोष्ट, नियम गुपचूप मोडणे ही दुसरी. हा फरक लक्षात ठेवू, पुढे तो उपयोगी पडेल.

आता २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिककडे येऊ. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जपानचा कोसुके किताजिमा पहिला आला. अमेरिकेचा ब्रेंडन हॅन्सन ०.१७ सेकंदाने मागे राहिला. हॅन्सनचा सहकारी एरन पीर्सोल याने जाहीर आरोप केला की किताजिमाने पाण्याखाली ‘डॉल्फिन किक’ मारली. दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा वर-खाली झटका देणे म्हणजे डॉल्फिन किक. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तेव्हा तिला पूर्ण मनाई होती. पंचांनी दोष दिला नव्हता, पदक किताजिमाकडेच राहिले. पुढच्याच वर्षी, २००५ साली, आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला: सूर मारल्यावर आणि प्रत्येक वळणानंतर, पाण्याखालच्या पहिल्या टप्प्यात एक डॉल्फिन किक चालेल. एकच.

माणसाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. एक चालते म्हटल्यावर दुसरीचा मोह होतोच.

२९ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५८.४६ सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला. ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन स्प्रेंगर ०.४७ सेकंदाने मागे राहिला. कांस्यपदक त्याच ब्रेंडन हॅन्सनला मिळाले. या शर्यतीवर दुःखाची सावली होती. २०११चा जगज्जेता, नॉर्वेचा अलेक्झांडर दाले ओएन, तीनच महिन्यांपूर्वी वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी हृदय बंद पडून वारला होता. व्हॅन डर बर्गने आपल्या विजयात या मित्राचे स्मरण केले. तो निष्ठुर किंवा लबाड माणूस होता, असे समजण्याचे काही कारण नाही.

पण पाण्याखालच्या चित्रणात दिसले की त्याने एकाहून अधिक डॉल्फिन किक मारल्या होत्या. शर्यतीनंतर काही दिवसांतच त्याने एका वृत्तपत्राजवळ ते मान्यही केले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: हे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, पण इतरही करतात, मी केले नाही तर मागे पडेन, चार वर्षांची मेहनत मी अशा लोकांसाठी सोडायला तयार नाही. पाण्याखाली कॅमेरे लावा, म्हणजे सगळे थांबतील, अशी मागणीही त्याने केली. पूर्वी एका स्पर्धेत असे कॅमेरे होते, तेव्हा कोणीच हा प्रयत्न केला नाही आणि सगळ्यांच्याच मनाला शांती होती, असे त्याने सांगितले. त्याचे पदक कायम राहिले.

प्रश्न असा आहे की त्याचे म्हणणे बरोबर की चूक?

घाईने ‘चूक’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. थॉमस हॉब्ज या सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्ववेत्त्याने व्हॅन डर बर्गची बाजू आधीच मांडून ठेवली आहे. हॉब्जच्या मते नीतीचे नियम मनाला नेहमीच बांधतात, परंतु इतर लोकही ते पाळतील याची हमी नसेल, तर कृतीत ते पाळण्याची सक्ती नाही. जिथे कोणीच वचन पाळत नाही तिथे एकटा वचन पाळणारा इतरांचे भक्ष्य होतो. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रामाणिक माणसाला तोटा होतो, हे खरे आहे. ‘चांगले वागा, तुमचे चांगलेच होईल’ असे सांगून हा तोटा झाकणे हीदेखील एक प्रकारची लबाडीच.

तरीही हॉब्जचा युक्तिवाद इथे लागू होत नाही. तो जिथे कायदा नाही, राज्य नाही आणि जीव धोक्यात आहे, अशा स्थितीबद्दल बोलत होता. तरणतलावात नियम होता आणि पंचही होते. धोका होता तो पदकाचा. पदक गमावणे म्हणजे भक्ष्य होणे नव्हे. आपणही पुष्कळदा हीच गल्लत करतो. थोडे नुकसान होणार असते, आणि आपण बोलतो मात्र जगणेच अशक्य झाल्यासारखे.

दुसरी गोष्ट, हे ‘सगळे’ नेमके कोण? पाण्याखाली पंचांना जसे दिसत नव्हते, तसे शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्यालाही सूर मारताना दिसत नव्हते. काही जण करीत असतील, कदाचित बरेच. पण ‘बरेच’ आणि ‘सगळे’ यांत जे अंतर आहे, त्या अंतरात काही माणसे उभी असतात. नियम पाळून एकच किक मारणारा एखादा जण पाचवा किंवा नववा आला असेल. त्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही, कारण नियम पाळल्याची बातमी होत नाही. ‘सगळेच करतात’ म्हणताना आपण सर्वप्रथम या माणसाला पुसून टाकतो. आधी त्याची जागा घेतो आणि मग तो नव्हताच असे म्हणतो. आमच्या मते या दोन शब्दांतील खरा अन्याय हा आहे.

तिसरी गोष्ट खुद्द ब्रेस्टस्ट्रोकची. ज्या प्रकाराची ओळखच ‘अधिक वेगाचे मार्ग मी घेणार नाही’ या कबुलीत आहे, त्यात ती कबुली मोडून मिळवलेला वेग कशाचा म्हणायचा? वेळ ब्रेस्टस्ट्रोकच्या विक्रमात लिहिली जाते, पण तिचा काही भाग दुसऱ्याच पोहण्याचा असतो. नियम जाचक वाटत असेल तर तो बदलावा असे उघड म्हणता येते. १९५६ नंतर नियम बदलला, २००५ साली पुन्हा बदलला. दार बंद नव्हते. मग भिंतीला भोक पाडण्याची गरज काय होती?

संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीविषयी लिहितात. मित्रांबरोबर त्यांनी शेजारच्या झाडावरची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. पुढे अनेक वर्षांनी विचार करताना त्यांना जाणवले की आपण एकटे असतो तर हे केलेच नसते. सोबतीमुळे चूक लहान वाटली आणि प्रत्यक्षात तीच सोबत चुकीचे कारण ठरली. मात्र ते ‘आम्ही सगळ्यांनी केले’ एवढ्यावर थांबत नाहीत, ‘मी केले’ असे म्हणतात.

व्हॅन डर बर्गच्या कबुलीकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. त्याने खरे सांगितले, जे इतर पुष्कळ जण सांगत नाहीत; त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ‘मी केले’ या वाक्याला त्याने ‘सगळेच करतात’ हे शेपूट जोडले, आणि मिळालेले हातचे सोडले नाही. पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अर्धी कबुली अनोळखी नाही. आपणही आपल्या चुकीच्या सोबत शेजाऱ्याची चूक सांगतोच.

त्याची कॅमेऱ्यांची मागणी मात्र विचार करण्यासारखी आहे. ‘माझे हात बांधा, म्हणजे मी चोरी करणार नाही’ असेच जणू तो म्हणत होता. यात दुबळेपणा आहे, पण सत्यही आहे: चांगला नियम आणि जागता पंच दुबळ्या माणसाला आधार देतात. आता मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून निर्णय तपासले जातात. २०२२च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या जस्टिन रेसला ५० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये पहिला येऊनही बाद ठरवले होते. चित्रफीत पाहिल्यावर सुवर्णपदक त्याला परत मिळाले. म्हणजे कॅमेरा निर्दोष माणसाचाही साक्षीदार असतो.

पण प्लेटोने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये विचारलेला प्रश्न कॅमेऱ्याने सुटत नाही. त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. अदृश्य होताच तो राजाला मारून राज्य बळकावतो. अशी अंगठी सापडल्यावर कोण प्रामाणिक राहील? कॅमेरा लावला की फक्त अंगठी काढून घेतली जाते. बोट तेच राहते. आणि आयुष्यात कॅमेरा न पोहोचणाऱ्या जागा नेहमीच उरतात: हिशेबाची वही, रिकामे कार्यालय, बंद खोली.

शेवटी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची आठवण. त्याच १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये २०१६ आणि २०२१ साली सुवर्ण जिंकलेला इंग्लंडचा ॲडम पीटी तिसऱ्यांदा उतरला. इटलीचा निकोलो मार्टिनेंघी ५९.०३ सेकंदांत पहिला आला. पीटी आणि अमेरिकेचा निक फिंक ५९.०५ सेकंदांत बरोबरीने दुसरे. ०.०२ सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. पीटीच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते दुसरा आल्याचे नव्हे, असे त्याने सांगितले. त्याने विजेत्याला मिठी मारली. इतक्या थोडक्यात हरलेल्या माणसाला असे करता येते, कारण आपण त्याच नियमाने पोहलो आणि हरलो असा विश्वास असतो. पाण्याखालची जादा किक या विश्वासाला धक्का लावते. पदक एकाचे जाते. पण शांत मनाने हरण्याची शक्यता सगळ्यांचीच जाते, आणि शांत मनाने जिंकण्याचीही.

पुढच्या वेळी ‘सगळेच करतात’ हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर त्या नवव्या आलेल्या पोहणाऱ्याची आठवण करू या. तो कुठेतरी असतोच. आपल्या वाडीत, आपल्या कचेरीत, मुलांच्या वर्गातही असतो. त्याने एकच किक मारलेली असते, आणि तो वर येतो तेव्हा बाकीचे थोडे पुढे गेलेले असतात.