गेहजीच्या हातातील काठी

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १८ ते ३७



शूनेमकरणीचे मूल वारले तेव्हा ती गाढवावर बसून कर्मेल डोंगरावर अलीशाकडे गेली. त्याने आपली काठी देऊन गेहजीस पुढे धाडिले. गेहजीने ती मुलाच्या तोंडावर ठेविली. परंतु मूल जागे झाले नाही. ती माता मात्र संदेष्टा स्वतः निघेपर्यंत त्यास सोडीना. शेवटी तो आला, दार लावून त्याने प्रार्थना केली, आपला देह त्या लहान देहाशी भिडविला, तेव्हा त्यास ऊब आली.

काठी अलीशाचीच होती, तरी काठी म्हणजे अलीशा नव्हे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरांस दूरच्या माणसांची सवय जुनी आहे. मुलगा मुंबईस गिरणीत, आईबाप गावी. मध्ये मनिऑर्डर व चार ओळींचे पत्र. मरणाची वार्ता तारेने येई. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. आता सड्यावर चढून रेंज मिळाली की मुंबईचा नातू आजीस मोबाईलवर दिसतो. याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानितो. पूर्वी निरक्षर आजीस पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, आणि सुनेची गाऱ्हाणी साऱ्या वाडीस कळत! २०२० च्या टाळेबंदीत मंदिरे बंद असता कित्येकांची उपासना याच यंत्रावर झाली.

परंतु आता वाडीतल्या वाडीतही काठीच धाडिली जाते. हा दोष आमचाच आहे. एका पावसाळ्यात मंडळीतील एक वृद्ध बंधू प्रभूमध्ये निजले. वाट चिखलाची होती. आम्ही मोबाईलवर एक वचन व जोडलेल्या हातांचे चित्र पाठविले आणि कर्तव्य झाले असे मानिले. महिन्याने गेलो तेव्हा त्यांची विधवा म्हणाली, “पाळकसाहेब, वचन पोचलं. मुलानं वाचून दाखवलं. मी वाट मात्र तुमची बघत होते.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, वीज गेली, पुष्कळांचे फोन मुके झाले. माळ्यांवर अडकलेल्यांकडे तेव्हा माणसेच होड्या घेऊन गेली.

कोणी म्हणेल, प्रभूने शताधिपतीचा चाकर दुरूनच बरा केला ना? खरे आहे. पण मत्तयाच्या त्याच आठव्या अध्यायात, त्याच्या आधी, कुष्ठरोगी येतो. त्यासही शब्दाने शुद्ध करिता आले असते. तरी ज्यास कोणी शिवत नसे, त्यास प्रभूने हात लाविला. आणि योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कागद व शाई बाजूस ठेवून समक्ष भेटीची आशा धरिली. पत्र त्यानेही लिहिलेच होते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या वाडीत अंथरुणास खिळलेला कोण, नुकती विधवा झालेली कोण, रुसून मंदिरात येईनासा झालेला कोण, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्यांस फोन अवश्य करा, पण “घरी आहात काय?” एवढेच विचारून वहाणा घाला.

त्या बाईंच्या घराची वाट अद्याप चिखलाचीच आहे. येत्या गुरुवारी आम्ही तिकडे जाणार आहो.